समुद्राची दगडी वही

तुझी उंची मोजताना आई दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारते ना? दरवर्षी एक नवी रेघ! समुद्रातही कुणीतरी अगदी अशाच रेघा मारत असतं. ओळख पाहू कोण?

प्रवाळ!

प्रवाळ दिसतं दगडासारखं. पण ते बांधणारे गवंडी जिवंत असतात आणि असतात मोहरीच्या दाण्याएवढे! ते चुन्याचं घर बांधतात, मग त्यावर नवा मजला, त्यावर आणखी एक. काही प्रवाळं वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखाएवढी!

एका ऋतूत चुन्याचा थर दाट, दुसऱ्या ऋतूत विरळ. शास्त्रज्ञ प्रवाळाला भोक पाडून आतून लांब कांडी काढतात आणि तिचा चक्क एक्स-रे काढतात! त्यात पट्टे दिसतात. पट्टे मोजले की वर्षं कळली!

प्रवाळाला दुखत नाही का? अरे, जीव असतो फक्त वरच्या पातळ सालीत. आत सगळं रिकामं घर!

आता खरी गंमत ऐक. पाण्यात दोन प्रकारचा ऑक्सिजन असतो, थोडा जड आणि बराचसा हलका. उन्हाळ्यात तुला जड दप्तर नकोसं होतं ना? तसंच, पाणी गरम झालं की प्रवाळाच्या घरात जड ऑक्सिजन कमी जातो. म्हणजे प्रवाळ हा समुद्राचा थर्मामीटरच की!

प्रशांत महासागरात पालमायरा नावाचं चिमुकलं बेट आहे. वादळांनी तिथल्या किनाऱ्यावर जुन्या प्रवाळांचे तुकडे आणून टाकलेत. शास्त्रज्ञ किम कॉब आणि त्यांच्या सोबत्यांनी ते वाचले. त्यांतली काही प्रवाळं वाढत होती साधारण १६३५ ते १७०३ या काळात. म्हणजे १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तिकडे ती रेघा मारत होती!

त्यांत काय लिहिलं होतं? एल निनो! दर दोन ते सात वर्षांनी त्या महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी तापतं, त्याला एल निनो म्हणतात. तेव्हा आपल्याकडचा पाऊसही बऱ्याचदा रुसतो. सतराव्या शतकाच्या मध्यावर एल निनो फार जोरात होता. तिथे थर्मामीटर घेऊन कुणीच बसलं नव्हतं, पण प्रवाळांनी सगळं टिपून ठेवलं!

आता एक गणित कर. राज्याभिषेकाच्या वर्षी वाढायला लागलेलं प्रवाळ दरवर्षी १ सेंटिमीटर वाढत राहिलं, तर आज केवढं असेल? जवळजवळ साडेतीन मीटर! त्याच्या रेघांना तुमच्या दाराची चौकट पुरायचीच नाही!