खाम नदीचा पट्टकृमी

जुन्या शोधपत्रिकांमधल्या नव्या जातींच्या याद्या वाचायची मला फार वर्षांची खोड आहे. जीव कुठलाही असो, मी आधी त्याचं नाव वाचतो. अशाच एका यादीत 'सेंगा खामी' भेटला. देशमुख आणि शिंदे, १९८०. मरळ माशाच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी. छत्रपती संभाजीनगर (जुनं औरंगाबाद) शहर आणि तिथली छावणी यांच्यामधून वाहणारी, लोखंडी पुलाखालची आपली खाम नदी एका कृमीच्या नावातून जगभरच्या सूच्यांमध्ये जाऊन बसली आहे. पाणचक्कीला पर्यटक नेणाऱ्या एकाही गाइडने मला हे सांगितलेलं नाही.

यातले शिंदे म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले जी. बी. शिंदे. विद्यापीठ स्थापन झालं १९५८ साली. पुढच्या दहा वर्षांच्या आत, १९६८ मध्ये, शिंद्यांनी एका इटालियन पत्रिकेत मरळीच्याच कुळातल्या माशातून मिळालेल्या कृमीसाठी नुसती जातीच नव्हे तर अख्खी प्रजातीच नवी मांडली: सर्कमऑन्कोबोथ्रियम. मग रांगच लागली. पैठणचा नाथसागर जलाशय नुकताच भरला होता. वाम माशाच्या पोटातून सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस निघाले, तेही १९८०-८१ या दोनच वर्षांत. मांगूर माशातून लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस निघाला, पुढे नळदुर्गाच्या नावाचाही एक आला. कृमींच्या नावांवरून मराठवाड्याचा नकाशा काढता येईल.

सेंगा ही प्रजाती मुळात फ्रेंच संशोधक रोबेर-फिलिप दोल्फ्यूस यांची, १९३४ची. त्यांना तिचा पहिला कृमी कुठल्या नदीत मिळाला नव्हता. व्हँसेनच्या मत्स्यालयातल्या सयामी झुंजाऱ्या माशात, म्हणजे शोभेच्या माशात, तो सापडला होता. या कृमीच्या डोक्यावर आकड्यांचं कडं असतं. ते आकडे मोजायचे, वृषणं मोजायची, अंडाशयाचा आकार पाहायचा. आधीच्या वर्णनांशी जुळलं नाही की जाती नवी. पद्धत जगभर हीच होती. पण मेलेल्या माशातला कृमी आधीच आक्रसलेला असतो, काचांमध्ये दाबला की पसरतो, आणि आकडे गळून पडतात ते वेगळंच. एकाच जातीच्या दोन कृमींची मोजमापं अशा हाताळणीत सहज दोन जातींची वाटू शकतात.

भांडण इथूनच सुरू झालं. चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुद्येयोवित्सेचे रोमन कुख्ता आणि तोमाश शोल्त्स यांनी लंडनच्या रॉडनी ब्रे यांच्यासह २००८ मध्ये सेंगा ज्या गटात येते त्या गटाची फेरतपासणी केली आणि शिंद्यांची सर्कमऑन्कोबोथ्रियम सेंगात विलीन करून टाकली. २०११ मध्ये बंगालचे अनिर्बन अश, शोल्त्स आणि सहकाऱ्यांनी मांगुरातले, म्हणजे लायटोसेस्टसच्या गटातले, कृमी तपासायला घेतले. खऱ्या जाती ठरल्या आठ. पन्नासाहून अधिक नावं रद्द. ज्यांवरून वर्णनं केली ते मूळ नमुनेच तपासायला मिळत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार.

मला ती तक्रार रास्त वाटते. नवी जाती म्हणजे नवा निबंध आणि निबंध म्हणजे पीएचडी, असा हिशोब असला की जाती वाढणारच. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते काम नव्हतं. भोयांकडून मासे आणून, फाडून, सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेरा ल्युसिडातून एकेक आकृती हाताने काढणारी ही माणसं नसती, तर रद्द करायलाही काही उरलं नसतं.

रूपावरून जाती ठरवण्याची अडचण या मुलखातल्या गवतानेही दाखवली आहे. खानदेश-अजिंठ्याच्या डोंगरातलं रोशा गवत दोन प्रकारचं: मोतिया आणि सोफिया. वाळलेले नमुने समोर ठेवले तर भले भले चकतात. तेल काढलं की वाद मिटतो. मोतियाच्या तेलात गुलाबाच्या वासाचं जिरॅनिऑल भरपूर (रसायनशास्त्रज्ञ याकोबसेनने १८७१ मध्ये ते याच तेलातून वेगळं केलं, आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला हेच तेल जाई); सोफियाला मात्र आल्यासारखा उग्र दर्प. जे डोळ्यांना जमलं नाही ते रसायनाने केलं.

कृमींच्या बाबतीत हे काम आता डीएनए करतो. त्यासाठी ताजा नमुना हवा, आणि तोही ज्या पाण्यातून जातीचं वर्णन झालं त्याच पाण्यातला, त्याच माशातला. सेंगा खामीच्या बाबतीत घोडं तिथेच अडतं. खामीत शहराचं सांडपाणी इतकी वर्षं सोडलं गेलं की छावणीच्या पुलाखाली गळ टाकायची कुणाची छाती होणार नाही. अलीकडे नदी साफ करण्याचं काम सुरू झालं आहे, काठ सुधारलेही आहेत. पण तोवर थांबायचं कशाला? वर हर्सूल तलाव आहे, खाली पैठणजवळ हीच खाम गोदावरीला मिळते. दोन्हीकडच्या मरळी फाडाव्यात, जिवंत कृमींचा एक तुकडा आधी डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवावा, उरलेला गरम फॉर्मॅलिनमध्ये घ्यावा, आणि नमुने कुणालाही मागता येतील अशा संग्रहालयात द्यावेत. नाव टिकलं तर खामीचं, नाही टिकलं तर तेही छापावं, विद्यापीठाच्या त्याच प्राणिशास्त्र विभागाने.