मागच्या दारावरचा भार

डोंगरवाटा, ओढे आणि खडकाळ माळ तुडविण्यासाठीच जी वाहने घेतली जातात, त्यांच्या मालकांना मोठ्या व्यासाच्या टायरांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. चाक जितके मोठे तितका आसाखालचा अवकाश अधिक आणि वाटेतला धोंडा ओलांडणे तितके सुकर, हे त्यामागील गणित निर्विवाद आहे. परंतु चार चाके बदलून झाल्यावर पाचव्याची, म्हणजे मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीची, तजवीज काय करावयाची ह्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सबंध फेरफारातील सर्वांत जोखमीचा भाग तोच आहे.

जुनी, लहान स्टेपनीच राहू द्यावी हा मार्ग दिसावयास सोपा आहे, पण तो निभावत नाही. अमेरिकेतील जीप रँग्लरचे उदाहरण घेऊ. तिच्या रुबिकॉन ह्या प्रकारास तेथे २८५/७० आर १७ मापाचे टायर कारखान्यातूनच मिळू लागले. त्यांचा व्यास हिशेबाने ८३१ मिलिमीटर भरतो. त्यापुढच्या पायरीवरील ३१५/७० आर १७, ज्यांना बाजारात पस्तीस इंची म्हणतात, त्यांचा ८७३ मिलिमीटर होतो. एका आसावर अशी दोन विषम चाके आली की डिफरन्शियलमधील दंतचक्रांना सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही, आणि फोर-व्हील ड्राइव्ह लावून पुढचा व मागचा आस परस्परांशी जखडला की त्या तफावतीचा ताण गिअरांना आणि शाफ्टांना सोसावा लागतो. ज्या निर्जन खिंडीत टायर फुटतो तेथेच फोर-व्हील ड्राइव्हची निकड असते, म्हणून पाचवे चाक इतर चारांच्याच मापाचे असणे मी अपरिहार्य मानतो.

आता ते टांगावयाचे कोठे? दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपला मागे उघडणारे दारच नव्हते. स्टेपनी पाठीमागच्या स्थिर पत्र्यावर निर्धास्त बसत असे. १९४५ साली मुलकी वापरासाठी आलेल्या सीजे-२ए ह्या जीपला मागे खाली पडणारे दार मिळाले, तेव्हा स्टेपनी गाडीच्या कुशीला हलविण्यात आली. भार आणि दार ह्यांची ही फारकत मला फार शहाणपणाची वाटते. पुढे १९८७ च्या पहिल्या रँग्लरमध्ये एका बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या दारावरच चाक चढले, आणि २०१८ च्या पिढीत तर वजन घटविण्यासाठी त्या दाराच्या घडणीत मॅग्नेशियम आले.

बिजागरीवर काय प्रसंग गुदरतो हे साध्या हिशेबाने कळते. समजा, रिमसह मोठे चाक ४५ किलोचे आहे, त्याचा मध्य बिजागऱ्यांपासून ६० सेंटिमीटर दूर आहे, आणि दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. तर दार उघडे असताना वरच्या बिजागरीला केवळ चाकामुळे सुमारे ६७ किलोची ओढ बसते आणि खालची तितक्याच जोराने आत रेटली जाते. दाराचे स्वतःचे वजन ह्यात धरलेलेच नाही. दार बंद झाले की कडी काही वाटा उचलते खरा, परंतु मग रस्त्याचे हादरे सुरू होतात, आणि प्रत्येक हादऱ्याला हा भार क्षणमात्र दुप्पट झाला तरी धातू थकत जातो. बोल्टांच्या भोकांपाशी प्रथम केसाएवढी चीर पडते, मग दार लोंबते आणि कडी जागेवर बसेनाशी होते. २०२१ मध्ये रुबिकॉनसाठी पस्तीस इंची टायरांची ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ योजना काढताना खुद्द उत्पादकालाही मागच्या दाराला मजबुती द्यावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

उपाय मुख्यतः दोन. पहिला, दारावर जाड बिजागऱ्या आणि भार विस्तृत पृष्ठभागावर पसरविणारी चौकट बसविणे. दुसरा, दाराला ह्या जबाबदारीतून सर्वस्वी मुक्त करून, मागच्या बंपरमार्गे सांगाड्याशी जोडलेल्या स्वतंत्र फिरत्या बाहूवर चाक चढविणे. त्यात वजन वाढते आणि डिकी उघडण्यापूर्वी बाहू बाजूला सारण्याची यातायात पडते, तरी सदतीस इंची टायरासाठी मी दुसऱ्याचीच शिफारस करीन.

बारकावे बरेच आहेत, पण एक विशेष ध्यानात ठेवावा. दारावरील रबरी ठोकळ्यांवर टायर किंचित दाबून बसला पाहिजे. रिमचा ऑफसेट बदलल्यामुळे मध्ये फट राहिली तर चाक डुलते, आणि स्थिर वजनापेक्षा हे डुलणेच अधिक घातक ठरते. टायर खाली बंपरला घासू नये म्हणून ब्रॅकेट उंच केले, तर चाकावरचा ब्रेकदिवा झाकला जाणार नाही अशी व्यवस्था करावी. रँग्लरचा मागचा कॅमेरा चाकाच्या मध्यभागीच असल्याने खोल रिममध्ये त्याची नजर आखडते, तोही पुढे आणावा लागतो.

रँग्लरची जुळणी २०२१ पासून आपल्या रांजणगावातही होऊ लागली, आणि स्टेपनी पाठीवर वागविणाऱ्या महिंद्र थारचे मालक तर महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांनी यंत्राइतकाच कायद्याचाही विचार करावा: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी दाखल्यातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. म्हणून टायर खरेदी करण्यापूर्वीच उत्पादकाने मान्य केलेली मापे पाहावीत आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारणा करावी.