पायथन म्हणतो ‘रँडिंट नाही’, चूक मात्र फाइलच्या नावात

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं की पायथन आलाच; मग विद्यार्थी बेळगावचा असो, इंदूरचा की वडोदऱ्याचा. सुरुवातीचा नेहमीचा सराव म्हणजे फासा टाकणं: १ ते ६ मधला कुठलाही आकडा काढायचा. त्यासाठी पायथनमध्ये रँडम नावाचं तयार मॉड्यूल आहे. प्रोग्रॅम रँडमचा, म्हणून मुलं फाइलही ‘रँडम.पीवाय’ याच नावानं सेव्ह करतात. घोळ इथंच होतो.

रन केल्यावर एरर येते: रँडम मॉड्यूलमध्ये रँडिंट नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे. पुस्तकात पाहावं तर रँडिंट आहे. स्पेलिंग बरोबर, कंस बरोबर. कुणी पायथन काढून पुन्हा टाकतं, कुणी ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून उठतं. प्रॅक्टिकलचा तास संपतो तो संपतोच.

एरर खोटी नसते, पण अर्धवट असते. प्रोग्रॅम चालवला की पायथन मॉड्यूल शोधायला आधी त्याच फाइलच्या फोल्डरमध्ये बघतो, तयार मॉड्यूलांच्या साठ्याकडे नंतर वळतो. फोल्डरमध्ये रँडम.पीवाय सापडते आणि तो तीच उचलतो. म्हणजे मुलाची फाइल स्वतःलाच बोलावते. तिच्यात रँडिंट कुठून येणार?

उपाय अर्ध्या मिनिटाचा: फाइलचं नाव ‘फासा’ ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून पायथन स्वतःच नाव बदलायला सुचवतो. हे शहाणपण यायला बराच उशीर झाला, आणि जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

‘असं मॉड्यूल नाही’ ही एररही अशीच चकवते. पिपनं मॉड्यूल टाकलेलं असतं, पण कॉम्प्युटरवर पायथन दोन असतात. टाकलं एकात, चालतोय दुसरा. त्यामुळे नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन डॅश-एम पिप इन्स्टॉल’ लिहावं, आणि प्रोग्रॅमही त्याच पायथननं चालवावा.

डॅश-एम लावून स्वतःची फाइल चालवताना मात्र शेवटचं ‘.पीवाय’ लिहू नये. लिहिलं तर गंमतच होते: उत्तर स्क्रीनवर येतं आणि त्याच्याखाली मॉड्यूल सापडत नसल्याची एररही येते. टिंबापुढचं ‘पीवाय’ हे आतलं आणखी एक मॉड्यूल आहे, असं पायथन समजतो.