न पाहिलेल्या खेळाचे परीक्षण

परवा संध्याकाळी कामावरून परतताना धाटावच्या नाक्यावर शेजारच्या वहिनींनी आम्हाला थांबवले. हातात मोबाईल, त्यावर लाल अक्षरांचा मथळा : हा गेम तुमच्या मुलाचा जीव घेईल! "भाऊजी, आमचा पोरगा हाच खेळतो का हो?" त्यांचा आवाज कापत होता.

दहा मिनिटांचे ते खेळाचे परीक्षण आम्ही पूर्ण पाहिले. त्यात खेळ मिनिटभरसुद्धा दिसला नाही. बाकी सगळा आरडाओरडा.

वाचकहो, हे नवे नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत अंधेरीला एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि बातम्यांत 'ब्लू व्हेल' हे नाव गाजले. पन्नास दिवस, पन्नास कामे, शेवटी मृत्यू, असे त्या खेळाचे वर्णन घरोघरी पोचले. वर्णन करणाऱ्यांपैकी तो कोणी खेळला होता काय? २०१६ साली रशियातील एका वृत्तपत्राच्या लेखातून ही चर्चा पसरली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक इत्यादींना त्याच्या लिंक काढण्यास फर्मावले. पुढे सरकारी समितीने मुलांचे फोन, कॉलच्या नोंदी, इंटरनेटवरचा वावर तपासला. जानेवारी २०१८ मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितले की, एकाही प्रकरणात ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे उत्तर किती जणांनी वाचले? ज्या घरांतली मुले गेली, त्यांचे खरे दुःख काय होते, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

पबजीचेही तसेच. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी आली, त्यात पबजी होता. मुलांच्या भल्यासाठी सरकारने बंदी घातली, असे आमच्याकडे आजही बोलतात. प्रत्यक्षात कारण दिले गेले ते देशाच्या सुरक्षिततेचे.

भीतीसारखीच स्तुतीही विकली जाते. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा खेळ आला. परीक्षकांना आधी फक्त संगणकावरची प्रत दिलेली होती. त्यांनी भरभरून गुण दिले. प्लेस्टेशन ४ वर मात्र तो सारखा अडखळू लागला, बंद पडू लागला. शेवटी सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत केले. व्हिडिओ जितके लोक पाहतील तितकी जाहिरातीची कमाई. मग साधे, खरे बोलणाऱ्याकडे कोण वळणार?

वहिनींच्या घरी गेलो. पोरगा बिचारा आधीच घाबरलेला. त्याला म्हटले, बाळा, तुझा खेळ आम्हाला दाखव. मोटारींची शर्यत होती. आम्हीही एक डाव खेळलो आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली, तेव्हा कुठे तो हसला. मग प्ले स्टोअरवर त्या खेळाचे पान उघडले. वयाचा आकडा तिथे होता, आणि खेळाच्या आत पैसे देऊन वस्तू विकत घेता येतात हेही लिहिलेले होते. नोंदी पाहिल्या तर वहिनींच्याच खात्यातून दोनदा एकोणतीस रुपये गेलेले. त्या लाल अक्षरांच्या व्हिडिओत याबद्दल अवाक्षर नव्हते.