शेतकऱ्याच्या घरात कचेरी

विलायतेतील शेतकऱ्याचे जुने घर म्हणजे मोठी दगडी हवेली, असे आपल्याला वाटते. पण इंग्लंडच्या आग्नेय भागातील पाचशे वर्षांपूर्वीची घरे पाहिलीत, तर आपल्याकडचा कूड आठवेल. ओक लाकडाचा सांगाडा उभा करायचा, मधल्या जागेत काटक्या विणायच्या आणि माती, चिरलेला पेंढा व शेण कालवून लिंपायचे. ओक ओला असतानाच कापीत, कारण वाळला की तो फार कठीण होतो. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू आणि जोडात लाकडी खुंटी. लाकडे चुकू नयेत म्हणून सुतार त्यांवर आकड्यांच्या खुणा कोरीत.

केंट परगण्यातील ‘बे-लीफ’ हे पंधराव्या शतकातील असेच घर. खोऱ्यात जलाशय होणार म्हणून १९६८-६९ साली ते सुटे केले आणि ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयात पुन्हा उभारले. त्याचे माजघर थेट छपरापर्यंत उघडे आहे. जमिनीवर मधोमध चूल, धूर छपरातून बाहेर. खिडक्यांना काच नाही, लाकडी गज आणि झडपा. अशा घरांत धुराड्याच्या भिंती मागाहून आल्या. म्हणूनच आढ्याच्या लाकडांवर काजळी दिसली, की जाणकार घराचे वय ओळखतात.

पुढे यंत्रे आली, शेते एकमेकांत मिसळून मोठी झाली आणि कितीतरी घरे व कोठारे मोकळी पडली. त्यांपैकी काहींत आता कचेऱ्या आहेत. जेथे धान्य साठवीत, तेथे हिशेबनीस बसतो. मनाला हे लागते. पण रिकामे घर लवकर पडते. भाडे येत राहिले तर छपराची डागडुजी होते, हेही खरे.

मात्र भाडेकरूला वाटेल तशी तोडफोड करता येत नाही. १९४७ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या याद्या करण्याची पद्धत रुजली. १९६८ च्या कायद्यापासून यादीतील इमारतीचे रूप बदलण्याआधी खास परवानगी घ्यावी लागते. परवानगीशिवाय बदल करणे हा गुन्हा आहे. म्हणून मोठे दालन आडभिंतींनी चिरण्यापूर्वी, विजेच्या तारांसाठी तुळई पोखरण्यापूर्वी विचार करावा लागतो. काम असे करावे, की उद्या ते काढले तरी मूळ घर शाबूत राहील, हा तेथील जाणकारांचा आग्रह असतो.

आणखी एक गोष्ट तेथे नुकसान सोसून कळली. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, की आतली ओल आतच कोंडते आणि लाकूड कुजते. म्हणून आता पुन्हा चुन्याकडे वळले आहेत.

आपल्या गावातही जुनी घरे आहेत. मातीच्या भिंतीवर सिमेंट फासण्यापूर्वी किंवा तुळया विकून टाकण्यापूर्वी गावातल्या जुन्या गवंड्याला, सुताराला एकदा घर दाखवा. घर राखायचे की नवे बांधायचे, हे तुम्हीच ठरवा. पण पाडण्याआधी ते कसे उभे आहे, एवढे मुलांना दाखवून ठेवा. भिंत पुन्हा बांधता येते. ती बांधणारा हात गेला, तर मात्र परत आणता येत नाही.