मलनाडातील पायी सहल : का, केव्हा आणि कशी?



या वर्षी आठवी ते दहावीच्या मुलामुलींची सहल दसऱ्याच्या सुट्टीत मलनाडात न्यावी आणि तीही सगळा वेळ बसमध्ये न बसता, पाठीवर आपापले सामान घेऊन जमेल तेवढी पायी करावी, असा प्रस्ताव शाळेने विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. पालकसभेत त्यावर बरीच चर्चा झाली. जंगलात काही झाले तर काय, मुली एवढे चालतील का, आणि मराठी शाळेची सहल रायगड सोडून शिवमोग्ग्याला कशासाठी, हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. प्रश्न रास्त आहेत, म्हणून त्यांची उत्तरे सविस्तर लिहीत आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो विचारताना सभेत आवाज सर्वांत मोठा होता.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता. महाराणी येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज रायगडावरून बाहेर पडले, तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. पुढे पन्हाळाही सुरक्षित राहिला नाही. २६ सप्टेंबर १६८९ रोजी त्यांनी निवडक सोबत्यांसह पन्हाळा सोडला आणि दक्षिणेत तमिळ मुलखातील जिंजीची वाट धरली. वेष लिंगायत यात्रेकरूंचा. मोगल मागावर होतेच. त्या वेळी वाटेत केळदीचे राज्य होते आणि राज्यावर राणी चेन्नम्मा होती. पतीच्या मागे तिने सुमारे पंचवीस वर्षे कारभार केला. औरंगजेबाचा कोप ओढवेल हे ठाऊक असूनही तिने राजाराम महाराजांना आपल्या मुलखातून सुखरूप पुढे जाऊ दिले. त्यासाठी औरंगजेबाने तिच्यावर सैन्य पाठविले. बेंगळुरात ओळख पटण्याची वेळ आली तेव्हा खंडो बल्लाळ मागे थांबले आणि मार खाऊनही त्यांनी महाराजांचे नाव सांगितले नाही, असे बखरी सांगतात. नोव्हेंबरच्या आरंभी महाराज जिंजीला पोहोचले. त्याच सुमारास रायगड मोगलांच्या हाती गेला होता. जिंजी हाती नसती तर पुढचा मराठ्यांचा इतिहास वेगळा झाला असता.

हे केळदीचे राज्य म्हणजेच आजचा शिवमोग्गा जिल्हा आणि आसपासचा मलनाड. केळदी आणि इक्केरी ही राजधानीची जुनी ठिकाणे सागर शहराजवळ आहेत. नंतरची राजधानी बिदनूर, तिला आता नगर म्हणतात, तेथील किल्ला आजही पाहता येतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहतो, घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो. एका कन्नड राणीने मराठ्यांच्या राजाला वाट दिली, ही गोष्ट आपल्या मुलांनी जागेवर जाऊन ऐकली तर त्यात कोणाचे काय बिघडेल? रायगडाला आपण जाऊन आलो आहोत, पुन्हाही जाऊ. तेथून निघालेली वाट पुढे कोठे गेली, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले आहे.

आता भूगोल. मलनाड इतका हिरवा आणि आपला भाग उन्हाळ्यात असा करपलेला का? पुष्कळ मुले उत्तर देतात की तेथे डोंगर उंच आहेत. पण बीदर आणि आगुंबे या दोन गावांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत फारसा फरक नाही. तरीही आगुंब्याला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बीदरला नऊशेच्या आतबाहेर. कलबुर्गीला त्याहूनही कमी. फरक जागेचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने भरलेले असतात. सह्याद्रीची भिंत आडवी येताच ते वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि बाष्पाचे पाणी होऊन तेथेच कोसळते. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलेला वारा कोरडा आणि उबदार असतो. या पूर्वेकडच्या पट्ट्यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आगुंब्याहून शिवमोग्ग्याकडे येताना हे खिडकीतून दिसते: दाट जंगल, मग सुपारीच्या बागा, मग भात, मग मका. फळ्यावर बाण काढून शिकविण्यापेक्षा हे बरे.

आणखी एक गंमत. बीदरचा किल्ला ज्या तांबड्या, भोके असलेल्या दगडाचा आहे, तो जांभा मुलांना मलनाडातही घराघरांच्या भिंतींत दिसेल. या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने दिले. तो १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार असा फिरला, आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने केरळातील अंगाडिपुरम येथील दगडाचे वर्णन करताना विटेच्या लॅटिन शब्दावरून हे नाव वापरले. ओला असताना तो विटेसारखा कापता येतो आणि हवेवर कडक होतो. जांभा तयार व्हायला उष्ण हवा आणि भरपूर पाऊस लागतो. पाण्याने खडकातील इतर द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहते. म्हणजे फार फार पूर्वी, कोट्यवधी वर्षांमागे, आपल्या या पठारावरही तसाच पाऊस पडत असला पाहिजे. किल्ल्याच्या तटावर बसून शेंगा खाताना याचा विचार कोण करतो!

केव्हा जावे, हा प्रश्न सुट्टीच्या सोयीचा नाही, आरोग्याचा आहे. जून ते सप्टेंबर तेथे ओढे कधी फुगतील सांगता येत नाही. आपण उभे असू तेथे ऊन असते आणि वर डोंगरात पाऊस झालेला असतो. पाणी काही मिनिटांत चढते. डिसेंबर ते मे या काळात दुसरे संकट असते. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात एक ताप प्रथम ओळखला गेला. माकडेही त्याने मरतात, म्हणून कन्नडमध्ये त्याला मंगन कायिले म्हणतात. तो गोचिडांच्या चावण्याने होतो. २०२४ मध्येही त्या भागात या तापाने माणसे दगावली. म्हणून आपण पाऊस ओसरल्यावर आणि या तापाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरात जावे. राजाराम महाराजांचा प्रवासही नेमका याच दिवसांतला. तरीही पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि संध्याकाळी अंगाची तपासणी हे नियम सर्वांना लागू राहतील. मेलेले माकड दिसल्यास जवळ जायचे नाही, शिक्षकांना सांगायचे.

जळवांची भीती मात्र कमी करावी. जळू लागली तरी दुखत नाही. तिच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहत राहते एवढेच. ओढून काढू नये. मीठ लावले की सुटते. मग जागा धुऊन दाबून धरावी.

पिशवीविषयी. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. तेथे एनसीसीच्या शिबिरात या पाठपिशवीला आम्ही पिट्ठू म्हणत असू, आणि पिट्ठू भरणे हा शिकविण्याचा विषय होता. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय धोरण सांगते. सहलीलाही आपण तेच माप धरू. चाळीस किलोच्या मुलाला चार किलो. त्यात दोन जोड कपडे, पंचा, विजेरी, पाण्याची बाटली, पावसाचा कोट आणि एक मोठी प्लॅस्टिकची थैली, जिच्यात हे सगळे घालून मग पिशवीत ठेवायचे. जड वस्तू पाठीलगत आणि खांद्यांच्या जवळ असाव्यात; तळाशी किंवा बाहेरच्या बाजूला असल्या तर पिशवी मागे ओढते. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, पण एक लक्षात ठेवा. आपल्या कोरड्या हवेत महिनाभर टिकणारी कडक भाकरी तेथल्या दमट हवेत दोन दिवसांत चिवट होते. झाकण घट्ट बसणारा डबा आणा.

मुलींच्या चालण्याविषयी काय सांगू? आपल्याच घरांतल्या आज्या आणि काकू आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर डोक्यावर गाठोडे घेऊन चालतात. आपली सर्वांत लांब चाल कोडचाद्रीची असेल. शिखर १३४३ मीटर उंच आहे, पण चढ एका दिवसाचा आहे आणि ज्यांना नको त्यांनी पायथ्याशी थांबावे. तेथे वन खात्याची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर लोटलेल्या गर्दीनंतर राज्यात अशा वाटांवर आगाऊ नोंदणी सक्तीची होत गेली आहे, त्यामुळे आयत्या वेळी कोणाचे नाव वाढविता येणार नाही. धबधब्याच्या पाण्यात कोणीही उतरणार नाही. पोहता येते त्यानेही नाही. या नियमाला अपवाद मागू नये. डोंगरात मोबाइल लागत नाही, तेव्हा दिवसातून एकदा, मुक्कामी पोहोचल्यावर, शाळेच्या कार्यालयात निरोप येईल आणि तेथून तो पालकांना कळविला जाईल.

आगुंब्याला 'मालगुडी डेज' मालिकेचे चित्रण झालेले घर आणि नागराजावर काम करणारे पर्जन्यवन संशोधन केंद्र आहे. तीर्थहळ्ळीजवळ कुप्पळ्ळी येथे कुवेंपूंचे घर आहे. वेळ पुरला तर दोन्ही ठिकाणी जाऊ. कन्नडच्या बाईंचा कुप्पळ्ळीसाठी आग्रह आहे.

विश्वस्त मंडळाची मंजुरी मिळाल्यावर संमतिपत्रके वर्गशिक्षकांमार्फत घरी येतील. मुलाला दमा, फिट किंवा कसली ॲलर्जी असल्यास ती त्यात स्पष्ट लिहावी. ती लिहिल्याने कोणाचे नाव वगळले जाणार नाही, औषधाची सोय करता येईल. निघण्याच्या आठ दिवस आधी सर्वांनी भरलेली पिशवी घेऊन शाळेत यावे. प्रयोगशाळेबाहेर काटा ठेवलेला असेल. जास्तीचे सामान त्याच दिवशी घरी परत जाईल.