डायमंड डेमन: करामती कुणाच्या, नोंद कुणाची?



जुन्या शॉर्ट फिल्म्सचा नाद असलेल्यांसाठी आज एक शिफारस. एमजीएमची १९४७ सालची 'डायमंड डेमन'. पीट स्मिथच्या मिश्किल निवेदनाच्या मालिकेतली ही फिल्म. यात जॅकी प्राइस नावाचा पठ्ठ्या बेसबॉलच्या करामती करतो. उलटं टांगून घेऊन चेंडू टोलवणे, एकाच झटक्यात दोन चेंडू दोघांकडे फेकणे हे त्याचे खास आयटम! इंजिनियरिंगला शिकलेलं सगळं डायनॅमिक्स आठवतं :-)

पण मला राहून राहून एक प्रश्न पडतो. ही संधी आणखी कुणाला मिळू शकली असती?

प्राइस १९४६ मध्ये क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये खेळला. म्हणजे तो गोरा, हे ओघानंच आलं. विसाव्या शतकात तोवर काळ्या खेळाडूंना तिथे दार बंदच होतं. ते उघडलं १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला तेव्हा. गंमत बघा, प्राइसला क्लीव्हलंडमध्ये आणणाऱ्या बिल व्हेकनंच त्याच जुलैत लॅरी डोबीला घेतलं. पहिल्या दिवशी काही सहकाऱ्यांनी डोबीशी हातही मिळवला नाही.

करामती काळ्या खेळाडूंकडे कमी होत्या का? अजिबात नाही. त्यांच्या नीग्रो लीग्जमध्ये 'शॅडो बॉल' चालायचा. सामन्याआधी चेंडूच न घेता सराव, आणि तो इतका चपळ की बघणाऱ्याला चेंडू आहेच असं वाटावं. पण इथिओपियन क्लाउन्स संघाचे खेळाडू तोंडं रंगवून, खोटी आफ्रिकन नावं घेऊन उतरायचे. गर्दी त्यासाठी यायची, पोट त्यावर चालायचं. पिट्सबर्ग कुरिअर या काळ्या समाजाच्या पत्रातले क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ यांनी यावर सडकून टीका केली होती. याच संघातून (पुढे तो इंडियानापोलिस क्लाउन्स झाला) १९५२ मध्ये हँक आरोन खेळला आणि १९७४ मध्ये त्यानं बेब रूथचा होम रनचा विक्रम मोडला!

आता मुद्दा. ऑफिसच्या पार्टीत मला भांगडा करायला सांगतात. मी मराठी माणूस, तरी हसत दोन स्टेप्स टाकतो. मजा येते, कारण सोमवारी माझा कोड मोजला जातो. तो मोजलाच जात नसता, तर तोच भांगडा झोंबला असता. प्राइसच्या करामतींमागे मेजर लीगची अधिकृत नोंद होती. क्लाउन्सच्या करामतींमागे ती नव्हती.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलात रो च नसेल, तर क्वेरी कितीही हुशारीनं लिहा, उत्तर चुकीचंच येणार. १९२० ते १९४८ च्या नीग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा मिळाला २०२० मध्ये, आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले २०२४ मध्ये. लगेच कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत टाय कॉबच्या वर जॉश गिब्सनचं नाव आलं. गिब्सन वारला जानेवारी १९४७ मध्ये. रॉबिन्सनला मैदानात उतरायला तेव्हा तीन महिने होते.

फिल्म मुलांना जरूर दाखवा. प्राइसला मनापासून टाळ्या द्या. त्यानं त्या कमावल्या आहेत. आणि फिल्म संपली की मुलांना गिब्सनबद्दलही सांगा. त्याच्यासाठी तेवढी पाच मिनिटं काढायला हरकत नाही.